पाच ताटांची किर्द

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

काल कार्तिकी एकादशी झाली. आज बारस सोडली आणि वही उघडली.

गेल्या महिन्यात लेकीच्या कॉलेजात आरोग्य तपासणी होती. तिचं हिमोग्लोबिन ९.४ आलं. बाईमाणसाचं १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि तिला विचारलं, "घरी काय काय खातेस?" तिच्या आधी मीच बोलून गेले, "सगळं खाते." घरी येईपर्यंत तो शब्द मला टोचत राहिला. सतरा वर्षं पतसंस्थेत हिशेब लिहिते. पावती नसलेला खर्च मी कधी मंजूर केलेला नाही. मग 'सगळं' म्हणजे किती, हे मला ठाऊक असायला हवं होतं. ते नव्हतं.

म्हणून ही किर्द. डाव्या पानावर घरात आलेला जिन्नस, वजन आणि दर. उजव्या पानावर रोजचा खप. पाच किलोचा डिजिटल काटा ओट्यावर मांडला आहे. घरात माणसं पाच: सासूबाई (आम्ही सगळे त्यांना आईच म्हणतो), नवरा, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असलेली लेक, नववीतला मुलगा आणि मी. मुक्काम सोलापूर.

तेलाचा नवा पाच लिटरचा डबा आज फोडला. त्यावर चिकटपट्टी लावून तारीख घातली.

९ नोव्हेंबर, रविवार

पहिला आठवडा सगळा काटा मांडण्यात आणि विसरण्यात गेला. फोडणी पडल्यावर तेल मोजायचं राहिलं हे लक्षात येतं. आता रोज मोजत नाही. डब्याचं वजन आठवड्याला एकदा घेते.

आजचे दर: मालदांडी ज्वारी ४८ रुपये किलो, गहू ३८, तांदूळ ५५, तूरडाळ १२०, अख्खा हरभरा ८०, शेंगदाणे १४०. दूध ६० रुपये लिटर, अंडं ७ रुपये. सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हापासून भाजीचे दर जागेवर नव्हते. मेथी आता कुठे १५ रुपये जुडीवर आली आहे.

दुकानात एक गोष्ट हातात घेऊन पाहिली. तेलाची जी पिशवी आपण 'एक लिटरची' म्हणून उचलतो, तिच्यावर वजन होतं ८५० ग्रॅम. एक लिटर खाद्यतेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. शेजारच्या पिशवीवर ९१० होते आणि दर सहा रुपयांनी जास्त. हिशेब केला तर जास्त दराचीच पिशवी स्वस्त पडत होती. पाकिटावर ग्रॅममागचा किंवा किलोमागचा दर छापलेला असतो, तो नियमच आहे. बारीक अक्षरात, पण असतो. मी आजवर तो वाचत नव्हते.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज एक वेगळा तक्ता केला. किलोचा दर बाजूला ठेवून दहा ग्रॅम प्रथिनं कितीला पडतात ते काढलं. दर आमच्या दुकानाचे, प्रथिनांचं प्रमाण ढोबळ धरलं.

हरभरा चार रुपये. ज्वारी पाचच्या आत. तूरडाळ आणि शेंगदाणे साडेपाचच्या आसपास. अंडं अकरा. दूध एकोणीस. मुलगा शाळेतून येताना आणतो ती बिस्किटं पंचवीसच्या पुढे.

दुधाचा आकडा पाहून नवरा म्हणाला, "मग दूध महागच की." तसं नाही. दूध कॅल्शियमसाठी घ्यायचं, त्याला डाळीच्या तराजूत घालून चालत नाही. एका तक्त्याने सगळे निवाडे करू नयेत हे मी हिशेबातच शिकले आहे. पण बिस्किटाचा पुडा कशासाठी घ्यायचा, याचं उत्तर कुठल्याच तक्त्यात मिळेना.

ज्वारीच्या भाकरीबरोबर डाळ किंवा शेंगाची चटणी खायची आपली पद्धत आहे. धान्याच्या प्रथिनात लायसीन हा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर. डाळीत जे कमी असतं ते धान्यात. दोन्ही एका ताटात आली की उणीव भरून निघते. आईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "कोरडी भाकर कोण खातंय गं?" त्यांच्या आयाबायांना लायसीन ठाऊक नव्हतं, जोडी ठाऊक होती.

आणखी एक. २२ सप्टेंबरपासून बिस्किटं, फरसाण, चॉकलेटं यांच्यावरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला. मुलाच्या दहा रुपयांच्या पुड्यात ग्रॅम वाढले. सुटी तूरडाळ मुळातच करमुक्त, तिचा दर त्यामुळे काही उतरला नाही. म्हणजे आमच्या गल्लीच्या दुकानात डाळ जागेवर राहिली आणि पुडा तिच्या मानाने स्वस्त झाला. मुलाच्या हातात दहाची नोट असते तेव्हा हाच फरक त्याला दिसतो.

२३ नोव्हेंबर, रविवार

भाजी कमी पडते आहे. माणशी दिवसाला २१० ग्रॅम, तीही बटाटा धरून. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात ४०० ग्रॅम आहे. यावर अजून काही सुचलेलं नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला. आईंचा आणि माझा उपवास. लेकही धरते म्हणाली, मैत्रिणी धरतात म्हणून.

आज उपवासाचं वजन केलं. माझ्या वाट्याला आलं: साबुदाणा ७० ग्रॅम, शेंगदाण्याचं कूट २० ग्रॅम, एक केळं, तीन कप चहा. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, प्रथिनं जवळपास शून्य. दिवसभरातलं जे काही सत्त्व होतं ते त्या मूठभर कुटात. या महिन्यात असे चार गुरुवार येतात, शिवाय दोन एकादश्या आणि चतुर्थी. घरात उपवास धरतो कोण, तर बायका.

श्रद्धेला मी हात लावत नाही. मी स्वतः धरते. पण ९.४ आकडा असलेल्या मुलीने धरावा का, हे आईंना कसं विचारावं या विचारात होते. संध्याकाळी कहाणी वाचून झाल्यावर त्यांनीच लेकीच्या हातात भाकरी-आमटीचं ताट दिलं. "तू पोथी वाचलीस ना, झालं तुझं. देवीला तुझं रक्त नको हाय."

३० नोव्हेंबर, रविवार

महिन्याची बेरीज.

तेलाचा डबा काल संपला. ३ ते २९, सत्तावीस दिवस. माणशी रोजचं जवळपास ३४ ग्रॅम. पोषण संस्थेने सुचवलेल्या रोजच्या ताटात २७ आहे.

धान्य ३५ किलो, म्हणजे माणशी २३३ ग्रॅम. ताटात २५०. ठीक.

दूध दीड लिटर रोज, माणशी बरोबर ३०० मिली. ताटातही ३००.

डाळी-कडधान्यं ८ किलो, अंडी ६०, चिकन दीड किलो. सगळं मिळून माणशी ८३ ग्रॅम. ताटात ८५!

ही शेवटची ओळ लिहिताना जीव भांड्यात पडला होता. घर पास झालं असं वाटलं.

पैशांकडे बघू. घरखर्च ३८,००० रुपये, त्यात खाण्यावर १५,४००, म्हणजे साडेचाळीस टक्के. केंद्राच्या २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात शहरी घरांचा हाच हिस्सा ३९.६८ टक्के आला होता. आम्ही अगदी मधल्या घरांतले. १८५७ साली अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने कामगार कुटुंबांचे हिशेब तपासून सांगितलं होतं की मिळकत वाढते तसा खाण्यावरचा हिस्सा घटतो. तो नियम बारावीत पाठ केला होता, आज स्वतःच्या वहीत भेटला.

पण एक ओळ लाल शाईने लिहिली आहे. डाळींवर ९०० रुपये. बिस्किटं, फरसाण, खारी, शीतपेयं, वडापाव, एका रविवारचं हॉटेल यांवर २,९१०. दुधापेक्षाही जास्त. एकेक पुडा दहा रुपयांचा, म्हणून कोणाच्याच ध्यानात येत नाही. या महिन्यात ते पहिल्यांदा एका जागी उभे राहिले.

रात्री उशिरा वही मिटताना सुचलं. सर्वेक्षणवाले घराचा खर्च माणसांच्या संख्येने भागतात. मीही तेच केलं. पण ८३ ग्रॅम कुणाच्या ताटात पडले? भागाकार मी केला, वाढणी तशी झाली होती का?

१ डिसेंबर, सोमवार

या आठवड्यात ताटं मोजायची. रीत अशी: कोरडी डाळ मोजून शिजवायची, शिजलेल्या आमटीचं एकूण वजन घ्यायचं, मग प्रत्येकाच्या वाटीचं वजन. त्यावरून प्रत्येकाच्या पोटात किती कोरडी डाळ गेली ते निघतं. आजचा दाखला: तूरडाळ २०० ग्रॅम, आमटी ११५० ग्रॅम.

कुणाला काही बोलले नाही. वाढते तशीच वाढणार. नवऱ्याला फक्त कल्पना दिली, काटा का हलतोय म्हणून.

७ डिसेंबर, रविवार

सात दिवसांची सरासरी, डाळ-कडधान्य-अंडी-मांस मिळून, रोजचे ग्रॅम:

मुलगा १२८
नवरा ११४
आई ६२
मी ५७
लेक ४९

बेरीज ४१०, पाचाने भागून ८२. महिन्याच्या सरासरीशी ताळा बसतो. आकडा खरा आहे. आणि त्या खऱ्या आकड्याने पोरीला झाकून ठेवलं होतं.

हे कसं झालं ते आठवडाभर डोळ्यांनी पाहिलं. कुणी कुणाच्या तोंडचं काढून घेतलं नाही. लेक पावणेसातला घर सोडते. तेव्हा चहा आणि दोन टोस्ट. अंडी सव्वाआठला होतात, मुलाच्या आणि नवऱ्याच्या वेळेला. दुपारी तिच्या डब्यात पोळी-भाजी, कारण आमटी सांडते. रात्री मुलगा आणि नवरा आधी बसतात, आमटी दोनदा घेतात. मग आई. शेवटी मी आणि लेक. पातेल्यात कमी उरलंय असं दिसलं की मी त्यात कढत पाणी घालून एक उकळी आणते. मंगळवारी आणि शुक्रवारी मी हे केलं. वजन वाढलं, डाळ वाढली नाही. हे मी लग्न झाल्यापासून करत आले आहे आणि हात आपोआप वळतो. माझी आईही हेच करायची.

मुलाला वाढीचं वय म्हणून जास्त लागतं, हे घरातलं गृहीत. २०२० सालचे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे आकडे काढले. १३ ते १५ वर्षांच्या मुलाला दिवसाला ४४.९ ग्रॅम प्रथिनं. प्रौढ स्त्रीला ४५.७. म्हणजे बहीणभावांची गरज जवळपास सारखीच. लोह तर उलटं: पुरुषाला १९ मिलिग्रॅम, स्त्रीला २९. ज्यांना जास्त लागतं त्या दोघींच्या ताटात घरातलं सगळ्यात कमी जात होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला होता. तो आकडा मी वर्तमानपत्रात वाचला होता आणि गरीब घरांचा समजून पान उलटलं होतं.

८ डिसेंबर, सोमवार

आईंना वही वाचून दाखवली. बराच वेळ त्या गप्प होत्या. मग ७२ च्या दुष्काळाचं सांगू लागल्या.

तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या, माहेर सांगोल्याकडचं. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. रेशनला लाल मिलो ज्वारी यायची, तिची भाकरी थापता यायची नाही, तव्यावर तुटायची. कामावर सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, मिळायची. "मी माझी सुकडी खाल्लीच नाही कधी पुरती. अर्धी ओच्यात बांधायची, घरी दोघं भाऊ हुते ना. आई म्हणायची, पोरीच्या जातीला भूक दाबता आली पायजे." त्याच सुमारास, १९७१ साली, पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ दांडेकर आणि रथ माणशी २२५० उष्मांक धरून देशाच्या गरिबीची रेषा मोजत होते. त्या मोजणीत आईंचं घर कुठे तरी असेलच. ओच्यात बांधलेली अर्धी सुकडी मात्र कुठल्याच मोजणीत आली नसणार.

मी विचारलं, भाऊ काही म्हणायचे का? "त्यांना काय म्हाईत? वाढणारीनं सांगितल्याबिगर खाणाऱ्याला कळत न्हाई."

हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

१४ डिसेंबर, रविवार

काल रात्री सगळ्यांसमोर आकडे ठेवले. मुलगा रडवेला झाला, मला वाटलं नव्हतं. "मला तर कुणी सांगितलंच नाही ताईला अंडं नसतं." त्याला जवळ घेऊन सांगितलं की हा त्याचा दोष नाही.

ठरलं ते असं. रात्री पाची जण एकत्र बसायचं. आमटीच्या पाच वाट्या बसायच्या आधीच भरून ठेवायच्या, सारख्या, आणि पातेलं डावाने तळापासून ढवळून. दुसऱ्यांदा हवं त्याने भाकरी-चटणी किंवा उसळ घ्यावी. आमटीत नंतर पाणी नाही. अंडी रात्रीच उकडून ठेवायची, लेकीने जाताना एक घ्यायचं. आई अंडं खात नाहीत, त्यांना सकाळी मोड आलेली मटकी वाफवून. डब्यात आमटीऐवजी घट्ट उसळ किंवा झुणका. जेवणाआधी-नंतर तासभर चहा नाही, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. जेवताना लिंबाची फोड, ती लागू देते.

पुडे बंद केले नाहीत. मुलाच्या हातात आठवड्याचे पैसे दिले, ६० रुपये, आणि सांगितलं की यात काय घ्यायचं ते तू ठरव, फक्त वहीत लिही.

नवऱ्याने एकच विचारलं, "मला इतकं वाढत होतीस, मला का नाही सांगितलंस?" उत्तर देता आलं नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. चुलत सासऱ्यांच्या शेतात गेलो. कडब्याची खोप, पांडवांची पूजा, आंबील, बाजरीचे उंडे, ज्वारीचे उंडे आणि भज्जी. भज्जीत ओली तूर, वाटाणा, वाल, हरभरा, शेंगदाणे, बेसन, जे रानात ते सगळं. बांधावर गोल करून बायका-पुरुष, पोरं-सोरं, गडी-माणसं एकाच वेळी जेवली. काटा नेला नव्हता. लेकीने भज्जी तिसऱ्यांदा घेतली, तेवढं पाहिलं.

२८ डिसेंबर, रविवार

दोन आठवड्यांत पाच रात्री एकत्र जेवण जमलं नाही. नवऱ्याची दुसरी पाळी, माझं वर्षअखेरचं काम, मुलाची शिकवणी. एकत्र बसणं हे माझ्या मनासारखं होईल असं नाही. वाट्या मात्र रोज भरून झाकून ठेवल्या गेल्या. ज्याची त्याची वाटी ज्याची त्याला. एकत्र जेवण्यापेक्षा हेच जास्त कामाला आलं.

अंडी साडेसात रुपयांवर गेली. महिन्याला ९० लागतात आता. पाहुणे येऊन गेले. डिसेंबरचा खाण्याचा खर्च १५,६२० भरेल असं दिसतंय, नोव्हेंबरपेक्षा २२० रुपये जास्त. पुडे-हॉटेल २,९१० वरून १,८६० वर आलं. म्हणजे पैसा घरातच होता, त्याची फक्त वाट बदलली. मुलाने एका आठवड्यात ६० पैकी ३५ रुपयांची शेंगाची चिक्की आणली. त्याने वहीत "४ जणांना दिली" असंही लिहिलंय.

११ जानेवारी २०२६, रविवार

ताटं पुन्हा मोजली, ५ ते ११ जानेवारी.

मुलगा १०९
नवरा ९८
लेक ९१
मी ८२
आई ८०

सरासरी ९२. डाळ-कडधान्य-अंडी-मांस मिळून महिन्याला साधारण दीड किलोने वाढलं. मुलगा बारीक झाला नाही, मापला आहे. भाजी अजून २६० ग्रॅमवरच अडली आहे. तेल ३१. दोन्हींत समाधान नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

भोगी. बाजरीची तीळ लावलेली भाकरी, लेकुरवाळी भाजी: वांगं, गाजर, ओला हरभरा, पावटा, घेवडा, शेंगदाणे, तिळाचं कूट. आज भाजी माणशी ३८० ग्रॅम भरली. पहिल्यांदाच ४०० च्या जवळ गेलो. उद्या संक्रांत, संध्याकाळी गड्ड्याच्या जत्रेत जायचं आहे.

१७ जानेवारी, शनिवार

लेकीचं हिमोग्लोबिन १०.९.

डॉक्टर म्हणाले, हे मुख्यतः गोळ्यांचं काम आहे, खाण्याने हा आकडा इतक्या लवकर चढत नाही. गोळ्या थांबल्यावर तो टिकेल की नाही ते खाण्यावर ठरेल. १२ वर गेल्यानंतरही आणखी तीन महिने गोळ्या चालू ठेवायच्या. हे वहीत जसंच्या तसं उतरवलं, कारण श्रेय चुकीच्या खात्यात टाकणं मला आवडत नाही.

निघताना त्यांनी विचारलं, "आणि तुमचं किती आहे?"

अडीच महिने रोज लिहिलेल्या वहीत माझा आकडा नव्हता. शेवटची तपासणी मुलाच्या बाळंतपणातली. तिथेच रक्त दिलं.

२० जानेवारी, मंगळवार

अहवाल आला. लेकीच्या तक्त्याखाली दुसरा तक्ता आखला.

मी: १०.१.

गोळी दुपारच्या जेवणाआधी एक तास. ऑफिसात अकराचा चहा बंद. पुढची तपासणी २० मार्च.